अजून न आलेल्या पडद्यासाठी

आत्ता हे वाचताना तुमच्या हातातला फोन बहुधा उभा असेल. तो आडवा करून एखादा व्हिडिओ लावलात, तर चित्राची रुंदी आणि उंची बहुतेक वेळा १६:९ या प्रमाणात असेल. यूट्यूब, बातम्या, क्रिकेट, मावसभावाच्या लग्नाचा व्हिडिओ, सगळीकडे हाच आयत. तो इतका सवयीचा झालाय, की कुणीतरी बसून ठरवला असेल हे आपल्या मनातही येत नाही.

पण तो ठरवला गेला, आणि तेव्हा त्या आकाराचा टीव्ही कुणाच्याही घरात नव्हता. पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरच्या कॅमेरामन, दिग्दर्शक, मेकअपवाले आणि इंजिनियर यांनी एका अशा पडद्यासाठी तयारी केली, जो 'येणार येणार' म्हणत येतच नव्हता.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे 'फ्यूचर-प्रूफ' हा शब्द दर दोन मीटिंगमागे एकदा येतो. उद्या गरज बदलली तर काय, म्हणून आज थोडी जागा सोडून ठेवायची. ती जागा नेमकी कुठे सोडायची यावर तासन्‌तास वाद होतात. टीव्हीच्या लोकांनी हाच प्रश्न कसा हाताळला ते बघावं म्हणून मी वाचायला लागलो, आणि त्यात गुंततच गेलो.

सगळ्यांना सामावणारा आयत

सुरुवात चित्रपटाच्या पट्टीपासून करायला हवी. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सननं ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरली आणि एका चित्राला कडेची चार भोकं एवढी उंची दिली. त्यातून चित्राचा आकार आला ४:३. पुढे टीव्ही आला, तेव्हा त्यानं सिनेमाचा हाच आकार जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

मग गंमत झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत लोक घरी बसून टीव्ही बघायला लागले, थिएटरं ओस पडायला लागली, आणि टीव्हीला जमणार नाही असं काहीतरी दाखवायचं म्हणून सिनेमा आडवा पसरला. १९५३ मध्ये 'द रोब' हा पहिला सिनेमास्कोप चित्रपट आला. आपल्याकडे गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' हा सिनेमास्कोपमधला पहिला हिंदी चित्रपट १९५९ चा. त्याच वर्षी, १५ सप्टेंबरला, दिल्लीत दूरदर्शनचं प्रायोगिक प्रसारण सुरू झालं, अर्थातच ४:३ मध्ये. सिनेमा रुंद होत होता आणि त्याच वेळी आपल्याकडे चौकोनी टीव्हीचा जन्म होत होता.

जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर 'पुढचा टीव्ही कसा असावा' यावर संशोधन सुरू केलं. माणूस पडद्यापासून किती लांब बसतो, चित्र किती रुंद असलं की बघणाऱ्याला आपण तिथेच आहोत असं वाटतं, याचे त्यांनी प्रयोग केले. त्यातून ११२५ रेषांचा 'हाय-व्हिजन' टीव्ही आकाराला आला. तेव्हा त्याचा आकार १६:९ नव्हता, ५:३ होता.

१६:९ सुचवला तो अमेरिकेतल्या आरसीए कंपनीच्या संशोधन केंद्रातले इंजिनियर कर्न्स पॉवर्स यांनी, १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात. त्यांची पद्धत शाळेतल्या भूमितीच्या तासाला करून बघण्यासारखी आहे. तेव्हा वापरात असलेले सगळे आकार घ्यायचे: टीव्हीचा १.३३, युरोपातल्या सिनेमाचा १.६६, अमेरिकी सिनेमाचा १.८५, ७० एमएमचा २.२०, सिनेमास्कोपचा २.३५. प्रत्येकाचा एक आयत काढायचा, पण सगळ्यांचं क्षेत्रफळ सारखं ठेवायचं. मग ते एकमेकांवर ठेवायचे, मध्यबिंदू जुळवून. आता या सगळ्यांना बाहेरून कवेत घेणारा आयत काढला तर त्याचं प्रमाण येतं १.७७. आणि सगळ्यांच्या आत मावणारा, म्हणजे सगळ्यांना समाईक असलेला आयत काढला, तर त्याचंही प्रमाण येतं १.७७.

मी हे कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, खरंच येतं. दोन टोकांच्या आकारांचा, १.३३ आणि २.३५ चा, गुणाकार करून वर्गमूळ काढलं की १.७७. त्याच्या जवळचा सुटसुटीत अपूर्णांक म्हणजे १६:९. शिवाय १६:९ म्हणजे ४:३ चा वर्ग.

आपण रोज बघतो तो आकार अशा तडजोडीतून आला आहे. तो कुणाचाच लाडका नव्हता. सिनेमावाल्यांना तो अरुंद वाटला, टीव्हीवाल्यांना रुंद. पण प्रत्येक जुना आकार त्यात बसवताना काळ्या पट्ट्यांचं नुकसान सगळ्यांत आटोक्यात राहत होतं.

रेषांचं भांडण

आकार ठरणं त्यातल्या त्यात सोपं होतं. खरं भांडण रेषांवरून झालं.

जुन्या टीव्हीत दोन मोठ्या जाती होत्या. अमेरिका आणि जपानचा ५२५ रेषांचा, सेकंदाला साठ वेळा चित्र रंगवणारा. युरोप आणि भारताचा ६२५ रेषांचा, सेकंदाला पन्नास वेळा रंगवणारा. साठ आणि पन्नास हे आकडे त्या त्या देशातल्या विजेच्या वारंवारतेवरून आलेले. जपाननं ११२५ हा आकडा दोघांनाही सोयीचा पडावा असा निवडला होता: ५२५ शी त्याचं प्रमाण १५:७ आणि ६२५ शी ९:५. पण चित्राचा वेग साठचाच ठेवला होता.

१९८६ मध्ये युगोस्लाव्हियातल्या डुब्रोव्हनिक इथे आंतरराष्ट्रीय बैठक भरली. जपानची पद्धत जगाचं प्रमाण म्हणून मान्य व्हावी असा प्रस्ताव होता. युरोपनं तो अडवला. उघड कारण पन्नास आणि साठच्या फरकाचं. पण जपानचं प्रमाण मान्य झालं तर उद्या घरोघरचा टीव्हीही जपानीच असणार, ही भीतीही त्यामागे होती. युरोपनं स्वतःची १२५० रेषांची पद्धत उभी करायला घेतली, १९९२ चं बार्सिलोना ऑलिंपिक त्यात दाखवलं, आणि १९९३ पर्यंत तो नाद सोडूनही दिला.

नाद सोडायला कारण घडलं अमेरिकेत. जपान आणि युरोप या दोघांच्याही प्रसारण पद्धती मुळात ॲनालॉग होत्या. १९९० मध्ये जनरल इन्स्ट्रुमेंट या कंपनीनं जाहीर केलं की एचडी चित्र पूर्णपणे डिजिटल करून नेहमीच्या एका टीव्ही चॅनलच्या जागेत बसवता येईल. याचा अर्थ कळायला दोन आकडे पुरेत. स्टुडिओतल्या एका एचडी केबलमधून सेकंदाला सुमारे १.५ गिगाबिट माहिती वाहते. अमेरिकेनं शेवटी जी प्रसारण पद्धत स्वीकारली, तिच्यात एका चॅनलला मिळतात सेकंदाला १९.४ मेगाबिट. म्हणजे पन्नास पटींहून जास्त दाबून बसवायचं, आणि बघणाऱ्याला ते कळूही द्यायचं नाही. आधीच्या चित्रापेक्षा काय बदललं तेवढंच पाठवायचं, डोळ्याला जे दिसत नाही ते टाकून द्यायचं, या त्यामागच्या कल्पना. तुमच्या फोनवरचा प्रत्येक व्हिडिओ आजही त्याच कल्पनांच्या सुधारलेल्या रूपावर चालतो.

१९९३ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धक कंपन्या आणि एमआयटी यांनी एकत्र येऊन 'ग्रँड अलायन्स' केला. डिसेंबर १९९६ मध्ये तिथल्या सरकारी आयोगानं त्यांचं प्रमाण मंजूर केलं. पुढे जगानं १९२० बाय १०८० या चित्रावर एकमत केलं. पन्नास की साठ हा वाद मात्र मिटला नाही. तो तसाच ठेवून सगळे पुढे गेले.

१९९३ मध्ये मालिका काढायची असेल तर

आता ज्यांना रोजचं काम करायचं होतं त्यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. साल १९९३. तुम्ही एक मालिका काढताय. सगळ्यांचे टीव्ही ४:३ आहेत. रुंद पडदा येणार हे नक्की, कधी ते कुणालाच सांगता येत नाही. आज चौकोनी चित्रीकरण केलं तर दहा वर्षांनी मालिका जुनाट दिसणार. आज रुंद केलं तर ते कुणाला दिसणारच नाही, खर्च मात्र होणार.

'बॅबिलोन ५' ही अमेरिकी विज्ञानकथा मालिका नेमक्या याच पेचात जन्माला आली. तिचा पायलट भाग १९९३ चा, मालिका १९९४ ते १९९८. निर्माते जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की आणि त्यांच्या मंडळींनी दूरचा विचार केला. कलाकारांची दृश्यं 'सुपर ३५' पद्धतीनं फिल्मवर घेतली. यात फिल्मची जास्त रुंदी वापरली जाते. मधला भाग आजच्या चौकोनी टीव्हीसाठी आणि कडेचा जास्तीचा भाग उद्याच्या रुंद टीव्हीसाठी. कॅमेरामन दोन्ही चौकटी डोळ्यांसमोर ठेवून काम करत.

पण ही मालिका अंतराळातली. यानं, लढाया, अंतराळ स्थानक हे सगळं संगणकावर केलेलं. टीव्ही मालिकेत छोटी मॉडेलं न वापरता असं काम करणाऱ्या पहिल्या काहींपैकी ही एक. सुरुवातीला त्यासाठी अमिगा हे घरगुती संगणक वापरले होते. संगणकाला एक चित्र तयार करायला वेळ लागे, आणि वेळ म्हणजे पैसा. त्यामुळे ही दृश्यं फक्त ४:३ मध्ये आणि फक्त तेव्हाच्या टीव्हीला पुरतील एवढ्याच रेषांची केली गेली. पुढे लागलं तर पुन्हा करून घेऊ, असा हिशेब असावा.

पुढे लागलं. पण तोवर संगणकावरची मूळ मॉडेलं आणि फायली हाताशी राहिल्या नव्हत्या. २००२ पासून रुंद पडद्याच्या डीव्हीडी आल्या तेव्हा कलाकारांची दृश्यं छान पसरली, आणि यानांची दृश्यं वरून-खालून कापून ताणावी लागली. हिशेब करून बघा. ४:३ चित्रातून १६:९ काढायचं तर उंचीचा चौथा हिस्सा जातो. अमेरिकी टीव्हीच्या दिसणाऱ्या ४८० रेषांपैकी उरल्या ३६०. एचडीच्या १०८० रेषांना त्या पुरवायच्या तर प्रत्येक रेष तिप्पट ताणायची. सगळ्यांत वाईट हाल झाले कलाकार आणि संगणकचित्र एकत्र असलेल्या दृश्यांचे, कारण ती जोडणी फक्त व्हिडिओटेपवर झालेली होती. एका दृश्यातून दुसऱ्यात जाताना चष्मा काढल्यासारखं चित्र धूसर व्हायचं.

२०२१ मध्ये ही मालिका पुन्हा नीट करून आणली गेली तेव्हा फिल्म नव्यानं स्कॅन केली आणि आकार ठेवला ४:३. ज्या रुंद पडद्यासाठी पाच वर्षं कडेची जागा राखली, ती जागा शेवटी वापरलीच नाही. कारण तयारी अर्ध्या साखळीची होती, आणि उरलेल्या अर्ध्या साखळीनं ठरवलं की चित्र कसं दिसणार.

तयारी न केलेली मालिका

शेजारी ठेवायला एक उलटं उदाहरण आहे. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन', १९८७ ते १९९४. हिच्या लोकांनी रुंद पडद्याची तयारी केली नव्हती. कडेला दिवे, स्टँड, सेटचा शेवट असं काहीही असायचं, कारण ते कापलं जाणार हे माहीत होतं. संकलन तर स्वस्त आणि झटपट म्हणून थेट व्हिडिओटेपवर केलं. म्हणजे अंतिम मालिका कायमची ४८० रेषांची.

पण चित्रीकरण ३५ एमएम फिल्मवर होतं. यानांची मॉडेलंसुद्धा फिल्मवर चित्रित केलेली. आणि ती सगळी फिल्म कुणीतरी जपून ठेवली होती. २०१२ पासून ब्लू-रेसाठी काम झालं तेव्हा मंडळींनी ती रिळं शोधून काढली, स्कॅन केली, आणि जुनं संकलन समोर ठेवून प्रत्येक भाग तुकड्या-तुकड्यानं पुन्हा जोडला. यानाचं चित्र वेगळं, ताऱ्यांचं वेगळं, दिव्यांचं वेगळं, असं सगळं परत एकावर एक बसवलं. काही मोजके तुकडे सापडले नाहीत, ते तेवढे टेपवरून घेतले. आकार ४:३ च ठेवला. आज ही मालिका एचडीमध्ये इतकी स्वच्छ दिसते की १९८७ ची वाटत नाही.

एकीनं भविष्याचा अंदाज बांधला, दुसरीनं फक्त कच्चा माल सांभाळला. अंदाज बरोबर होता तरी कच्चा माल सांभाळणारी जिंकली. आमच्या मीटिंगांमधल्या कित्येक वादांना हे उत्तर पुरेल असं मला वाटतं.

खड्डा गेला कुठे?

ज्यांनी कसलीच तयारी केली नव्हती, अशा मालिकांचं काय? त्यांना रुंद पडद्यात कोंबलं गेलं.

'साइनफेल्ड'चा 'द पॉटहोल' नावाचा १९९७ चा एक भाग आहे. रस्त्यातल्या खड्ड्यावरचा. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर ही मालिका १६:९ मध्ये आली, चित्राची खालची-वरची बाजू कापून. एका दृश्यात पात्र खड्ड्याकडे बघतंय आणि खड्डा चौकटीबाहेर गेलाय. विनोद तिथेच संपला. 'फ्रेंड्स' रुंद करताना कडेची झाकलेली फिल्म उघडली, तेव्हा काही दृश्यांत मुख्य कलाकाराच्या जागी पाठमोरी उभी असलेली भलतीच व्यक्ती दिसायला लागली.

'द वायर' ही मालिका २००२ ते २००८ अशी शेवटपर्यंत ४:३ मध्ये केली गेली, आणि २०१४ मध्ये तिची १६:९ आवृत्ती आली. तिचे कर्ते डेव्हिड सायमन यांनी त्यावर सविस्तर लिहिलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही दृश्यं रुंदीमुळे सुधारली, काही बिघडली, आणि ही आवृत्ती मूळ आवृत्तीपेक्षा वेगळी आहे. मला हे प्रामाणिक वाटतं. चौकटीची कडा हा दिग्दर्शकाच्या वाक्यातला पूर्णविराम असतो. तो हलवला की वाक्य बदलतं.

ज्यांनी वेळेत तयारी केली त्यांनाही ती सोपी गेली नाही. ब्रिटनमध्ये १९९८ च्या सुमारास डिजिटल टीव्ही सुरू झाला तेव्हा बीबीसीनं १६:९ मध्ये चित्रीकरण करायचं, पण महत्त्वाचं सगळं १४:९ च्या आत ठेवायचं, असा मधला मार्ग काढला. नव्या टीव्हीवर पूर्ण चित्र, जुन्यावर थोडं कापलेलं. शिवाय एचडीनं दुसरीच दुखणी आणली. जुन्या कॅमेऱ्यात खपून जाणारा मेकअपचा थर आता थर म्हणूनच दिसायला लागला. रंगवून लाकूड भासवलेला प्लायवूड आता प्लायवूड दिसायला लागला. फोकस किंचित चुकला तरी लक्षात यायला लागलं. रंगभूषाकार, नेपथ्यकार, कॅमेऱ्याचे सहायक, सगळ्यांना आपला हात नव्यानं बसवावा लागला.

आपल्याकडे

भारतात हे सगळं उशिरा आणि एकदम आलं. २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या निमित्तानं दूरदर्शननं एचडी प्रसारण सुरू केलं. २०११ मध्ये स्टारच्या एचडी वाहिन्या आल्या. मराठी मनोरंजन वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या यायला २०१६ उजाडलं. मधल्या काळात घराघरात रुंद एलसीडी टीव्ही पोचले होते आणि केबलवरून येणारं चित्र चौकोनीच होतं. मग काय, ते ताणायचं. माझ्या पिढीनं कित्येक वर्षं मालिकांमधली सडपातळ माणसं रुंदीला तेहतीस टक्के जास्त बघितली आहेत. काळ्या पट्ट्या दिसल्या की 'टीव्ही बिघडलाय' म्हणणारं कुणीतरी प्रत्येक घरात होतं. त्या काळातल्या क्रिकेट सामन्यांच्या एचडी क्लिप बघितल्यात तर धावफलक बऱ्याचदा काठापासून आत सरकलेला दिसेल. चौकोनी टीव्हीवर तो कापला जाऊ नये म्हणून केलेली ती सोय.

पण मला जास्त अस्वस्थ करतो तो मागचा काळ. दूरदर्शनवर जे व्हिडिओवर चित्रित झालं, ते ५७६ दिसणाऱ्या रेषांचं आहे आणि तेवढंच राहणार. त्यामागे कुठली फिल्म नाही, जी स्कॅन करून जास्त काही बाहेर काढता येईल. याउलट प्रभातचा 'संत तुकाराम' १९३६ चा, पण ३५ एमएम फिल्मवरचा. चांगली प्रत हाती असेल तर फिल्मवरच्या चित्रातून आजच्या एचडीपेक्षा जास्त बारकावे निघू शकतात. नव्वदीतल्या एखाद्या मुलाखतीपेक्षा १९३६ चे तुकोबा जास्त स्पष्ट दिसू शकतात, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा विचित्रच वाटलं होतं.

अर्थात 'प्रत हाती असेल तर' ही अट सोपी नाही. पुण्यातलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं, तोवर आपले बहुतेक मूकपट नष्ट झाले होते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली. नायट्रेट फिल्म पेटली की विझवणं जवळजवळ अशक्य असतं. ज्या चित्रपटांच्या प्रती आधी दुसऱ्या फिल्मवर उतरवून ठेवल्या होत्या, ते वाचले. व्हिडिओटेपचं दुखणं वेगळं. टेप महाग होत्या, त्यामुळे पुसून पुन्हा वापरण्याची रीत होती. बीबीसीसारख्या संस्थेनंही 'डॉक्टर हू'चे साठच्या दशकातले कित्येक भाग असेच घालवले. उद्या कुणाला ते हवे असतील असं त्या दिवशी कुणाला वाटलं नव्हतं.

उभा फोन

आता पडदा पुन्हा फिरला आहे. तोच १६:९ आयत उभा राहून ९:१६ झालाय, आणि १९९३ चा पेच तुमच्या-माझ्या हातात आलाय. आडव्या एचडी व्हिडिओतून रीलसाठी उभी चौकट कापली, तर १९२० पिक्सेल रुंदीपैकी सुमारे ६०८ उरतात. चित्राचा एक तृतीयांशही हिस्सा नाही. म्हणून हल्ली चित्रीकरण करणारे पुन्हा दोन्ही चौकटी डोळ्यांसमोर ठेवतात, महत्त्वाचं सगळं मध्ये आणतात. बीबीसीचा १४:९ चा तोडगाच, नव्या कपड्यात.

पुढचा पडदा कसा असेल याचा अंदाज मी बांधणार नाही. पॉवर्सच्या आयतांनी तीस-चाळीस वर्षं टिकणारं उत्तर दिलं, कारण त्यांनी पुढचं भाकीत केलं नाही, समोर असलेल्या सगळ्यांना कमीत कमी दुखेल असं बघितलं. आणि स्टार ट्रेकची रिळं उपयोगी पडली, कारण ती कुणी टाकून दिली नाहीत.

आपल्या पातळीवर याचा अर्थ साधा आहे. आजीची गोष्ट सांगतानाची क्लिप, गावच्या जत्रेतलं भारूड, एखाद्या म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत, जे काही घेताय ते हवं तसं कापा, हवं तिथे टाका. पण कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फाईल वेगळी ठेवा. व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत म्हणजे मूळ नव्हे; ती आधीच दाबलेली असते, तिच्यातलं गेलेलं परत येत नाही. एक प्रत घरातल्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर कुठेतरी, आणि फाईलच्या नावात तारीख आणि माणसाचं नाव. 'व्हिडिओ अंतिम अंतिम २' या नावाची फाईल तीस वर्षांनी कुणीही उघडणार नाही.